खानदेशातले मूळ गाव नकाशावर कसे शोधावे

मोबाइलच्या नकाशात सावखेडा हे नाव टाकून पाहा. अमळनेर तालुक्यात तापीकाठी एक सावखेडा आहे. पाचोरा तालुक्यात भैरवनाथाच्या यात्रेचे एक आहे. जळगावजवळ गिरणेच्या अंगाला आहे, रावेर तालुक्यात बुद्रुक आणि खुर्द अशी जोडी आहे, यावल तालुक्यात सावखेडासिम आहे. पिंप्री, वडगाव, पिंपळगाव यांची तर मोजदादच नको. दोन पिढ्यांपूर्वी कोणी सुरतेला, नाशिकला किंवा मुंबईला गेले आणि मागे फक्त गावाचे नाव उरले, अशा घरांचा शोध इथेच अडतो.

म्हणून खानदेशात पूर्वजांचा माग काढताना नकाशा नावावरून उघडू नये, असे माझे ठाम मत आहे. आधी घरातल्या माणसांकडून खुणा गोळा कराव्यात. त्या खुणा त्या काळच्या तालुक्यात बसवाव्यात. मग जमिनीच्या नंबराचे बोट धरून एकेक पायरी मागे जावे. गावाचे नाव बदलते, तालुका बदलतो, जिल्हा बदलतो. शेताचा नंबर बदलला तर त्या बदलाचा कागद सरकारदरबारी राहतो. हा क्रम पाळला तर पहिल्यांदाच शोध घेणाऱ्यालाही पणजोबांच्या शेताच्या बांधापर्यंत पोचता येते.

आधी विचारपूस, मग नकाशा

वही घ्या आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. "आपले मूळ गाव कोणते?" एवढेच विचारून थांबू नका. बाजाराला कुठे जायचे? आगगाडी कुठे धरायचे? नदी ओलांडावी लागायची का? शाळा गावातच होती की दुसऱ्या गावी? दळण कुठे, दवाखाना कुठे, पोळ्याला बैल कोणत्या देवळाला फिरवायचे? वावरांची नावे काय होती? प्रत्येक घराच्या वावरांना नावे असतात: नदीवरले, बर्डीवरले, चिंचेचे, मसणवट्याकडचे. ही नावे सरकारी कागदावर क्वचितच सापडतात, पण पुढे गाव नकाशा, म्हणजे गावातल्या सगळ्या शेतांचा सरकारी नकाशा, हातात आला की नदी, टेकाड आणि मसणवटा त्याच्यावर दिसतात आणि वावराची दिशा कळते.

समजा, आजी म्हणते, "आमनं मूय गाव सावखेडं. नदीना काठवर व्हतं. बजारले अंमयनेर जायेत." या तीन वाक्यांत निम्मे काम झाले. बाजार म्हणजे बैलगाडीने सकाळी निघून दिवेलागणीला परत येता येईल एवढ्या टप्प्यातले गाव. अमळनेरचा बाजार म्हटल्यावर रावेर, यावल, पाचोऱ्याची सावखेडे बाजूला पडली. नदी म्हटल्यावर तापीकाठचे गाव समोर आले. जळगावजवळचे सावखेडाही नदीच्या अंगालाच आहे, पण तिथला माणूस बाजाराला अमळनेरला कशाला जाईल?

अहिराणीतला उच्चार जसाच्या तसा लिहून घ्या. ळ चा य होतो, म्हणून जळगावचे जयगाव, चाळीसगावचे चायसगाव, धुळ्याचे धुये होते. आजोबांनी "पिंपयगाव" सांगितले असेल तर यादीत पिंपळगाव शोधायचे. इंग्रजी कागदांवर याच गावांची तिसरीच रूपे असतात, जसे धुळ्याचे धुलिया. एकाच गावाची चार रूपे एका पानावर मांडून ठेवली की पुढचा बराच वेळ वाचतो.

विचारपूस करायला खानदेशात दोन दिवस सोन्यासारखे आहेत. एक आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी पितरांची घागर भरतात आणि सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात. घागर कोणाकोणाच्या नावाने भरली, हे विचारले की नावांची साखळी आपोआप सुरू होते. दुसरा श्रावणातला, कानबाई या देवीचा. कानबाईचे रोट, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्या, भाऊबंदांतच खायचे असतात, त्यासाठी लांब गेलेली घरेही एकत्र येतात. कोणत्या घरचे रोट कोणाला चालतात, हे नीट लिहून घेतले तर एका कुळाच्या शाखा आणि त्यांची गावे एका बैठकीत मिळतात. नात्याचा इतका नेमका हिशोब मी दुसऱ्या कुठल्या कागदात पाहिलेला नाही.

बायकांची माहेरे विसरू नका. पणजीचे माहेर, आजीचे माहेर, आत्यांच्या सासरची गावे यांना नकाशावर टिंबे देऊन बघा. जुन्या सोयरिकी शक्यतो जवळपासच होत, त्यामुळे टिंबांचा एक घोळका तयार होतो आणि हरवलेले गाव बहुधा त्याच्या आसपास निघते. कुलदैवताची खूणही घ्यावी, पण जपून. म्हसदीची धनदाई, धुळ्याची एकवीरा, पाटणची आशापुरी, वणीची सप्तशृंगी यांना मानणारी घरे दूरदूर पसरलेली आहेत. देवी जिथे आहे तिथेच घराणे होते, असा अर्थ लावू नये. कुळाच्या शाखा जोडायला मात्र तिचा उपयोग होतो. ज्यांच्या घरी वंशावळी राखणारे भाट येऊन वही वाचत, किंवा ज्यांच्या पूर्वजांनी त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांच्या वहीत नाव लिहवले, त्यांना त्या वह्यांत मूळ गावाचा उल्लेख मिळू शकतो.

गाव कोणत्या काळी कोणत्या तालुक्यात होते

या पायरीला बहुतेक जण फाटा देतात आणि मग चुकीच्या कचेरीत हेलपाटे घालतात. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन ब्रिग्ज याने धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे केले. तेव्हाचा खानदेश आजच्या तीन जिल्ह्यांपेक्षा मोठा होता. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा वेगळा झाला तेव्हा मालेगाव, नांदगाव, बागलाण हा मुलूख तिकडे गेला. म्हणजे तुमचे घराणे मालेगावकडचे असेल तर १८६९ च्या आधीचे कागद खानदेशच्या नावाने शोधायचे. त्याच्याही मागे गेलात तर फारुकी सुलतानांची राजधानी बऱ्हाणपूर होती. आज ते मध्य प्रदेशात आहे, तरी रावेर-मुक्ताईनगरच्या कित्येक घरांच्या सोयरिकी आणि बाजार तिकडचेच.

१९०६ मध्ये जिल्ह्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेशचे ठाणे जळगावला आले, पश्चिम खानदेशचे धुळ्याला राहिले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पूर्व आणि पश्चिम ही नावे जाऊन जळगाव आणि धुळे हे जिल्हे झाले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार निघाला. आज जळगाव जिल्ह्यात १५, धुळ्यात ४ आणि नंदुरबारात ६ तालुके आहेत. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर "जि. प. खानदेश" असेल तर तो पश्चिम खानदेश. त्याला जिल्हा परिषद समजू नका.

तालुक्यांचे तर आणखी उलटसुलट आहे. १८८० साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १२ वा खंड खानदेशावर आहे. त्यात सावदा, नशिराबाद, विरदेल, पिंपळनेर हे तालुके म्हणून येतात. आज विरदेल हे शिंदखेडा तालुक्यातले एक गाव आहे, पिंपळनेर साक्री तालुक्यात आहे, नशिराबाद जळगाव तालुक्यात आहे, सावदा रावेर तालुक्यात आहे. जुन्या कागदावरचे एदलाबाद म्हणजे आजचे मुक्ताईनगर. तेव्हा कागदावर "तालुका विरदेल" दिसले तर आज शिंदखेड्याच्या कचेरीत चौकशी करायची.

गावाच्या नावामागची अक्षरेही वाचायला शिका. बु. म्हणजे बुद्रुक, खु. म्हणजे खुर्द, हे सर्वांना माहीत असते. प्र. आले तर तो प्रगणा, म्हणजे जुना महसुली विभाग, आणि पुढचे अक्षर त्या जुन्या प्रगण्याचे. शहादा-तळोद्याकडे त. येतो, तो तर्फ, म्हणजे प्रगण्याचा पोटविभाग. मोहिदे त. ह. हे त्याचे उदाहरण. एकाच नावाची दोन गावे वेगळी ओळखता यावीत म्हणून ही अक्षरे लावलेली आहेत. वंशवेलीत गावाचे नाव लिहिताना ती गाळू नका. माझा सल्ला असा की प्रत्येक पूर्वजापुढे गाव, तेव्हाचा तालुका-जिल्हा आणि आजचा तालुका-जिल्हा असे तीन रकाने ठेवावेत.

एखादे गाव कोणत्या वर्षी कोणत्या तालुक्यात होते, हे पडताळायला जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका उत्तम. १९५१ आणि १९६१ च्या पुस्तिकांत तालुकावार गावांच्या याद्या आहेत. जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर त्या उतरवून घेता येतात.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे

आता पहिला खरा नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांत ४६ क्रमांकाच्या चौकटीत जवळजवळ सगळा खानदेश येतो. ४६ के मध्ये नंदुरबार, शिंदखेडा, शिरपूर. ४६ एल मध्ये धुळे, साक्री. ४६ ओ मध्ये अमळनेर, चोपडा, यावल, जळगाव. ४६ पी मध्ये पाचोरा, चाळीसगाव. नवापूर ४६ जी मध्ये जाते. रावेर आणि त्याच्या पूर्वेकडचा भाग शेजारच्या ५५ सी मध्ये येतो. यातल्या प्रत्येक चौकटीचे पुन्हा १६ तुकडे असतात आणि त्या तुकड्यावर गावन् गाव दिसते. विभागाच्या संकेतस्थळावर १:५०,००० प्रमाणाचे खुले नकाशे मिळतात. त्यांचे क्रमांक एफ ४३ ने सुरू होतात, त्यामुळे जुना ४६ दिसला नाही म्हणून गोंधळू नका.

नकाशाच्या कडेला खुणांची यादी असते, ती आधी वाचा. वस्ती लाल, पाणी निळे, शेती पिवळी, रान हिरवे, चढउताराच्या रेषा तपकिरी. वसलेल्या आणि उजाड गावाची खूण वेगळी असते, आणि आपल्या कामात ती फार मोलाची ठरते.

१९५० च्या दशकात अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने हिंदुस्थानचे १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे छापले. ते टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. त्यांच्यावर लहान वस्त्या गळतात, पण मोठी धरणे होण्यापूर्वीची तापी आणि गिरणा कशा वाहत होत्या हे दिसते. जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवून नुसते रस्ते पाहिले तरी आजीच्या बोलण्याचा उलगडा होतो. आज हमरस्त्यावरचे वाटणारे गाव तेव्हा आडबाजूला असते, आणि जिथे आता काहीच नाही तिथून बाजाराची गाडीवाट गेलेली असते.

शेताच्या नंबराची साखळी

इथे सावकाश चला. खानदेशातल्या शेतकरी घराण्याचा इतिहास या साखळीत सर्वांत जास्त सापडतो.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून. भूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडले की गट नंबराने किंवा नावाने उतारा शोधता येतो. तुमच्या घराची जमीन आता नसेल तर गावात राहिलेल्या भाऊबंदांच्या नावाने शोधा. त्यांचा गट तुमच्या जुन्या शेताच्या शेजारचा असण्याचा संभव मोठा असतो. गट नंबर मिळाला की महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर तोच नंबर टाका. शेताची आकृती, शेजारचे गट, नाला, रस्ता सगळे समोर येते. त्याची छापील प्रत काढा.

सातबाऱ्यावर वर्तुळात किंवा कंसात आकडे दिसतात, ते फेरफाराचे, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीचे, क्रमांक. त्यातला सर्वांत जुना घ्या आणि त्याची नक्कल मागवा. वारस नोंदीचा फेरफार हाती लागला तर मयताचे नाव, मृत्यूची तारीख, विधवा, मुलगे आणि कधी कधी लग्न झालेल्या मुलींची नावेही एका परिच्छेदात मिळतात. जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून शासनाने "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर ठेवले आहेत. तुमचे गाव तिथे आहे का, हे आधी पाहा. नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. हक्क नोंदणीची पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने सुरू झाली, म्हणून हा धागा साधारण विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नेता येतो.

पुढची पायरी गटावरून सर्व्हे नंबरावर जाण्याची. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. ज्या गावांत ती योजना लागू झाली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाच्या उताऱ्याची नक्कल मागा. तिच्यात कोणत्या जुन्या नंबरांचा कोणता गट झाला हे असते. तिथे एक पडताळा जरूर करा. जुने क्षेत्र एकर-गुंठ्यांत आणि नवे हेक्टर-आरमध्ये असते. एक हेक्टर म्हणजे सुमारे २ एकर १९ गुंठे. जुन्या कागदावर ४ एकर २० गुंठे असेल तर नव्यावर १.८२ हेक्टरच्या जवळपास यायला हवे. आकडे फारच वेगळे आले तर शेताची अदलाबदल झालेली असते, आणि आजचा गट म्हणजे पणजोबांचेच वावर असे धरून चालत नाही.

सर्व्हे नंबर मिळाला की त्याच कार्यालयात जुना गाव नकाशा, आकारबंद (प्रत्येक नंबराचे क्षेत्र आणि सारा यांची नोंद), टिपण आणि फाळणी (नंबराच्या पोटहिश्श्यांची आकृती) यांच्या नकला मागायच्या. खानदेशात इंग्रजांची मोजणी १८५२ च्या सुमारास सुरू झाली. सारा वाढेल या भीतीने त्या साली सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकऱ्यांनी तिला मोठा विरोध केला आणि सरकारला फौज आणावी लागली. ज्या मोजणीविरुद्ध आपले पूर्वज उभे राहिले, त्याच मोजणीमुळे त्यांची वावरे आज आपल्याला सापडतात.

टिपण पहिल्यांदा हातात आले की नवखा माणूस बावचळतो, म्हणून ते वाचायचे कसे ते सांगते. टिपण म्हणजे मोजणीदाराने शेतात उभे राहून हाताने काढलेली एका सर्व्हे नंबराची आकृती. ती प्रमाणात नसते, म्हणून तिचा आकार पाहून फसू नका. खरे काम आकड्यांचे. आकृतीच्या आत एक लांब आधाररेषा असते. तिच्यावर ठिकठिकाणी साखळी आणि आण्यांचे आकडे आणि तिथून बांधाच्या कोपऱ्यांकडे गेलेल्या आडव्या रेघा. एक साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. बांधाच्या बाहेर शेजारच्या सर्व्हे नंबरांचे आकडे लिहिलेले असतात. ते उतरवून घ्या, कारण आज आपला बांध मोडला असला तरी शेजारच्यांवरून जागा बसवता येते. नाला, वाट, गावाची शीव हेही टिपणावर येते. आजीने सांगितलेले "नाल्याकडचे वावर" आणि टिपणावरचा नाला जुळला की पुढे शंकेला फारशी जागा राहत नाही.

फाळणीकडे घराण्याचा कागद म्हणून बघा. समजा, ४५ नंबरचे पुढे ४५/१ आणि ४५/२ झाले. बहुतेक वेळा याचा अर्थ भाऊ वेगळे निघाले. फाळणीची आकृती आणि तिच्याशी जुळणारा फेरफार एकत्र वाचला तर कोणत्या भावाला विहिरीकडचा हिस्सा गेला, कोणाला माळाकडचा, हेही कळते. घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या रागाची मुळे पुष्कळदा त्या रेघेत असतात, आणि कोणीही ती आपल्याला सांगितलेली नसतात.

जुने कागद मोडीत असतील तर घाबरू नका. मोडीचे वर्ग चालतात, वाचून देणारी माणसेही मिळतात. धुळ्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि त्यांचे दप्तर जपायला ही संस्था उभी राहिली. खानदेशावर काम करणाऱ्याने तिथे एकदा जावेच.

घर कुठे होते

शेत सापडले म्हणजे घर सापडले असे होत नाही. खानदेशात वावर शिवारात आणि घर गावठाणात. गाव नकाशावर गावठाण नुसता एक मोकळा तुकडा दिसतो, आतली घरे दिसत नाहीत. मोठ्या गावांत नगर भूमापन झालेले असेल तर सिटी सर्व्हेचा नकाशा आणि मिळकत पत्रिका मिळते. लहान गावांत ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घर क्रमांक, मालकाचे नाव आणि काही ठिकाणी चतुःसीमा असतात. अलीकडे स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली, त्यामुळे कित्येक गावांचे ताजे नकाशेही निघाले आहेत. जुन्या खरेदीखतातली चतुःसीमा सर्वांत बोलकी. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस मारुतीचे देऊळ. देऊळ जागच्या जागी असते, त्याच्यावरून बाकीचे मांडत जायचे.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती

सातबाऱ्याची साखळी जमीनवाल्यांना उपयोगी. सालदार, मजूर, कारागीर यांच्या घराण्यांना दुसऱ्या वाटा धराव्या लागतात, आणि त्या वाटांवर तितक्याच चिकाटीने काम व्हावे असे मला मनापासून वाटते. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, यात जन्ममृत्यूच्या नोंदी गाववार असतात. जातीच्या दाखल्यामुळे हे नाव आता घरोघरी माहीत झाले आहे. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर मुलाचे नाव, बापाचे नाव आणि जन्मगाव देते. बलुतेदार आणि गावकामगार यांच्याकडे वतनाच्या जमिनी होत्या. महार वतनासारखी कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने खालसा झाली. त्या जमिनींचे सर्व्हे नंबर वतनाच्या नोंदींत मिळतात, आणि नंबर मिळाला की वर सांगितलेली टिपणाची वाट खुली होते.

सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा, तडवी घरांची गोष्ट आणखी वेगळी. अक्राणी, अक्कलकुवा भागात पुष्कळ वस्त्या वनगावे होत्या, तिथे महसुली मोजणी उशिरा पोचली. काठीसारखी मेवासी, म्हणजे डोंगरातल्या स्थानिक सरदारांची, संस्थाने होती, त्यांचा कारभार निराळा. इथे वनखात्याचे नकाशे आणि वनहक्काच्या दाव्यांना जोडलेले कागद पाहावेत. घरे पाड्यापाड्यांत विखुरलेली असतात, तेव्हा गावाच्या नावावर न थांबता पाड्याचे नाव विचारा. स्थलदर्शक नकाशावर पाडेही दाखवलेले असतात.

गाव जागेवर नसेल तर

सगळे जुळते, पण नकाशावर गावच नाही, असेही होते. १८७२ च्या सप्टेंबरात गिरणा आणि पांझरेला महापूर आला होता. अशा पुरांनंतर काठावरची वस्ती वरच्या अंगाला सरकते. महसुली यादीत गावापुढे "बेचिराख" असेल तर तिथे वस्ती उरलेली नाही, शिवार मात्र कागदावर चालू आहे. अशा गावाची जुनी पांढरी, म्हणजे वस्तीची जागा, शिवारात ओळखू येते: जरा उंच जागा, खापरांचे तुकडे, एकटे मारुतीचे देऊळ.

धरणांनी तर गावेच्या गावे हलवली. हतनूरमुळे तापीकाठची, गिरणा धरणामुळे नांदगावच्या बाजूची गावे उठली. उकाई धरण गुजरातेत आहे, पण त्याचे पाणी नंदुरबार जिल्ह्यात शिरले. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली, मणिबेली त्यातलेच. तिथली कित्येक कुटुंबे तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत आली. अशा घरांनी धरणाआधीचा स्थलदर्शक नकाशा मिळवावा आणि जिल्हाधिकारी कार्यालयातून भूसंपादनाच्या निवाड्याची प्रत मागावी. निवाड्यात कोणाचे कोणते क्षेत्र गेले, घर किती, झाडे किती, विहिरी किती याची यादी असते. बुडालेल्या गावाचे इतके तपशीलवार वर्णन दुसरीकडे मिळणे कठीण. अर्जाला उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात मागा.

आपला नकाशा आणि गावची फेरी

मिळालेले सगळे एका नकाशावर आणा. गुगल माय मॅप्स मराठीत चालते आणि नवख्याला पुरते. जन्मगावांना एक रंग, बायकांच्या माहेरांना दुसरा, शेतांना तिसरा. प्रत्येक टिंबात कागदाचे नाव, वर्ष आणि तो कुठून मिळाला हे लिहा. ऐकीव माहिती आणि कागदावरची माहिती यांना वेगळी खूण द्या, नाहीतर वर्षभराने दोन्ही सारखीच खरी वाटू लागतात. जुना नकाशा नव्यावर बसवायचा असेल तर गुगल अर्थवर त्याचे चित्र चढवता येते. जुळवायला देऊळ, नद्यांचा संगम, रेल्वेचा पूल अशा न हलणाऱ्या जागा घ्या. नदीचे वळण घेऊ नका, ते सरकते.

मग गावी जा. होळीनंतर, रब्बी निघाल्यावर गेलात तर शिवार मोकळे असते आणि बांध नजरेत भरतात. पावसाळ्यात कपाशी उभी असताना काही दिसत नाही. आधी पोलीस पाटलांना किंवा ओळखीच्या घरी भेटा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की जमिनीवर हक्क सांगायला आलेलो नाही, घराण्याची माहिती लिहायला आलो आहोत. हातात नकाशा घेऊन बांधावर फिरणाऱ्या परक्या माणसाला बघून लोक धास्तावतात, आणि त्यांचे धास्तावणे रास्त आहे. गाव नकाशाची मोठी प्रत सोबत ठेवा, पारावर पसरा आणि म्हाताऱ्या माणसांना बोट ठेवायला सांगा. ते सर्व्हे नंबर सांगणार नाहीत, वावराचे नाव सांगतील. ते नाव त्या चौकटीत पेन्सिलने लिहून घ्या आणि सांगणाऱ्याचे नाव मागच्या बाजूला.